मानशीवर

पावणीच्या दिवशी माझा हात
माझ्याआधी वर गेला.
कोमुनिदादीच्या ओसरीवर पंखा कुरकुरत होता,
मागच्या बाकावरून नानू हळर्णकर हसला
(हसला की जांभई दिली, ते अजून ठरलेलं नाही)
आणि मी आकडा दुप्पट केला.
मासे मला धरता येत नाहीत.
वीजखात्यात मीटर वाचतो मी.

घरी रत्नप्रभा काही बोलली नाही.
कपाट उघडलं, पाटल्या मोजल्या,
कपाट लावलं.
तिला माझ्या मोडतोडीची यादी पाठ आहे:
तिच्या वडलांचा रेडिओ, स्कूटरची काच,
मुलाशी तीन महिन्यांचा अबोला,
रायबंदरच्या फेरीवर एका परक्याचा चष्मा.
दर वेळी मी म्हणायचो, झालं माझ्या हातून.
जणू मागून कुणी ढकललं
आणि ढकलणारा धक्क्यावर उतरून पसार झाला.

चोडणात बांधाच्या दाराला मानस म्हणतात.
शाळेत मास्तरांनी मानस म्हणजे मन, असं लिहून दिलं होतं,
पण मास्तर घाटावरचे,
त्यांनी दार पाहिलं नव्हतं.
लाकडाची दोन दारं, खाऱ्या पाण्यानं काळी पडलेली.
भरतीला लागतात, ओहोटीला उघडतात.
माणूस लागतो तो फक्त जाळं लावायला.
पहिल्याच दिवशी इनास म्हणाला,
"पात्रांव, हाका मोटर ना."

भाद्रपदात एका रात्री फोन आला.
कुठल्याशा बारशाला नानू म्हणाला म्हणे,
मीटरवाल्याला ओहोटीसुद्धा बिलावर छापून लागते.
मी चप्पल घातली नाही.
पहार घेतली.
खाजणात त्याचं कोरगुट पोटरीला आलं होतं.
दार उघडायचं, बस.
दोन तासांत नदी त्याच्या वर्षभराच्या भातात.

पहार घातली, पाय रोवले, रेटलं.
हललं नाही.
पुन्हा रेटलं. खांद्यात कळ आली.
भरती जितकी जोराची तितकं दार घट्ट,
हे मला वर्षभर तोंडपाठ होतं,
हाताला त्या रात्री कळलं.

मग काय. बसलो बांधावर.
डास मारले, त्यात थोडं निभावलं.
पलीकडे फेरीचा दिवा विझला.
तिवरांत काहीतरी टपकन पडायचं, थांबायचं, पुन्हा पडायचं.
आणि हाताला दुसरं काम नाही म्हणून
मी आतलं मोजायला लागलो, सवयीनं,
जिन्याखालचं मीटर विजेरीनं वाचावं तसं:
आधी कानाच्या पाळ्या तापतात.
मग दात.
मूठ त्यानंतर, बरीच त्यानंतर.
दातांपासून मुठीपर्यंत एवढी जागा आहे,
माणूस बसू शकेल इतकी,
आणि पन्नास वर्षांत मी तिथे
एकदाही वाचायला गेलो नव्हतो.

पहाटे पाणी फिरलं.
दार आपणहून किलकिलं झालं,
आता एका बोटानं उघडलं असतं
आणि उघडून काही उपयोग नव्हता;
पाणी बाहेर निघालं होतं.
राग गेला असं नाही म्हणणार मी.
खालच्या पायरीवर होता, ओला, शेवाळलेला,
ओळख देत.
इनास आला. पहार पाहिली,
माझे अनवाणी पाय पाहिले,
जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.
सुंगटं बरी मिळाली.

यंदाच्या पावणीला दातांत सुरू झालं तेव्हा
उठून बाहेर गेलो,
चहा घेतला, पाव बुडवला, तो तुटून आत पडला,
चमच्यानं काढत बसलो.
परत आलो तर मानस नानूला गेलेली,
माझ्या निम्म्या पैशांत.

घरी येऊन एक बशी फोडली.
रत्नप्रभानं केरसुणी माझ्याकडे सरकवली.
"बशीच ना?" म्हणाली,
आणि मला वाटतं,
यादीत घेतली नाही.